मिशीवर तपासलेला नीडल होल्डर

नीडल होल्डर चांगला आहे की नाही हे मिशीवर तपासू नये, असं कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी बी.ए. आहे, आमच्या घराण्यातला पहिला. पुस्तकात असतं तर माझ्या नजरेतून सुटलं नसतं.

नीडल होल्डर म्हणजे टाके घालताना डॉक्टर सुई ज्यात धरतात तो चिमटा. दिसायला कात्रीसारखा, पण कापत काही नाही; मूठ दाबली की खटका लागतो आणि पकड पक्की होते. माझी धाकटी बहीण वैशू यवतमाळला डॉक्टरकी शिकते. तिची टाके घालायची परीक्षा सोमवारी होती. मागच्या खेपेला कॉलेजच्या झिजलेल्या चिमट्यात सुई गरगर फिरली आणि वैशू नापास झाली. आता पुन्हा तसंच झालं तर सगळं शिकणं पुढच्या बॅचबरोबर. फोनवर तिचा आवाज रडवेला होता.

"दादा, मले वॉर्डातून सुटी नाही. तू एक चांगला होल्डर घेऊन ये. जबडा आखूड पाह्यजे, तोंड मिटलं का मधातून उजेड दिसला नाही पाह्यजे, अन् सुई धरली का हलली नाही पाह्यजे."

"मले नको शिकवू. मी ग्रॅज्युएट आहो."

"राज्यशास्त्रात ना रे!"

(हे बोलायची काही गरज नव्हती.)

आई-बाबा त्या दिवसांत झरीला आत्याकडे गेले होते. म्हणून सोबतीला गणपतकाका निघाले. पंचक्रोशीत कोणालाही बैल घ्यायचा झाला की काकांना नेतात. आमच्या घरात कुकर, पंखा, मोबाईल, काहीही घ्यायचं असो, काकांनी बैलासारखं पाहिल्याशिवाय घरात येत नाही. पंख्याला दात नसल्याने ते आजही नाराज आहेत.

यवतमाळच्या दुकानात दुकानदाराने काचेवर चिमटे मांडले. काकांनी दुपट्टा खांद्यावर टाकला, एक चिमटा उचलला, त्याचं तोंड फाकवलं आणि आत पाहिलं.

"हा घे. लंबा जबडा, दात भरपूर. जनावर जवान आहे."

"काका, तो आर्टरी फोरसेप आहे," दुकानदार म्हणाला. "रक्ताची नस धरायचा."

"नस धरते ना? मंग सुई काहून नाही धरणार?"

"काका, आखूड जबड्याचाच पाह्यजे," मी म्हणालो. दुकानदाराने माझ्याकडे आदराने पाहिलं. त्याची ती नजर मला फार महागात पडली.

शेवटी आखूड जबड्याचे तीन होल्डर उरले. तिन्ही चकचकीत. तिन्हींतून उजेड दिसत नव्हता. आता सुई धरून पाहायचं तेवढं बाकी होतं. काकांचं म्हणणं, जुवाला जुंपून चालवून पाहिल्याशिवाय माल घ्यायचा नाही. दुकानदार सुया आणायला माळ्यावर चढला.

तो येईपर्यंत शहाणा माणूस गप्प बसला असता. पण मी विचार केला. (शिक्षणाचा हाच तोटा आहे.) सुई किती बारीक? केस त्याहून बारीक. जो होल्डर केस धरून ठेवेल, तो सुई का सोडेल? काकांच्या डोक्यावर केस नव्हते. माझी मिशी मात्र आमच्या साऱ्या मारेगावात नावाजलेली, दोन्हीकडून वळलेली. मी मधला होल्डर घेतला, डाव्या मिशीचा झुपका त्यात धरला आणि मूठ दाबली.

कट्. कट्. कट्.

पकड उत्तम होती. ओढून पाहिलं, एक केस निसटला नाही. समाधान वाटलं. मग सोडायला गेलो.

"काका, हा सुटत नाही."

"सोड ना बे!"

"सोडूनच तं राह्यलो! मुठीत खटका अडकला."

"थांब. बैल अडला का मांगून रेटा लागते." काकांनी माझी मूठ धरून रेटा दिला.

कट्!

डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात माळ्याच्या शिडीवर पावलं वाजली. दुकानदाराला सांगितलं असतं तर त्याने एका क्षणात सोडवला असता. पण ज्याने नुकतंच माझ्याकडे आदराने पाहिलं, त्याला मी काय सांगणार होतो? काकांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि नाकापासून हनुवटीपर्यंत गुंडाळला.

"काय झालं भाऊ?"

"सर्दी," काका म्हणाले.

"मंग, कोणता देऊ? अन् मधला पीस कुठं गेला?"

"तोच घेतला," मी दुपट्ट्यातून म्हणालो. "बांधू नका. असाच नेतो."

अशा रीतीने होल्डरची निवड झाली. खरं म्हणजे होल्डरने माझी निवड केली!

वैशूच्या होस्टेलपर्यंत ऑटो होता आणि सगळा रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला होल्डर खाली जायचा, मी वर. मधे मधे काका मदत म्हणून ओढून पाहत. फाटकावर पोचलो तेव्हा वैशू मैत्रिणींना घेऊन उभी. मी दुपट्टा काढला. कोणी हसलं नाही. डॉक्टर होणाऱ्या पोरी, रुग्णासमोर हसायचं नसतं हे त्यांना शिकवलेलं असतं. मागे वळून हसल्या.

वैशूने अंगठा आणि बोट घातलं, कडी जराशी आडवी सरकवली. खट्! होल्डर सुटला आणि डाव्या मिशीतला निम्मा माल सोबत घेऊन गेला. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. होल्डर उजेडाकडे धरला.

"दादा, काय पकड आहे! कसा काय निवडला रे?"

"अनुभव," मी म्हणालो.

उरलेल्या मिशीचा निकाल समोरच्या सलूनमध्ये लागला. रात्री आम्ही यवतमाळातच काकांच्या लेकीकडे मुक्काम केला आणि काका पुढेही तिथेच राहिले. सोमवारी सकाळी मी एकटा, गुळगुळीत ओठाने, मारेगावला उतरलो.

आमच्याकडे माणूस मिशी काढतो ते बाप गेल्यावर.

घराचं कुलूप काढेपर्यंत शेजारच्या कमलाकाकू पदर डोळ्याला लावून हजर. "कवा झालं रे बापा? झरीलेच काय?"

"काही नाही झालं काकू! मिशी चिमट्यात अडकलती."

"धक्का बसला पोट्ट्याले," काकू मागच्या बायांना म्हणाल्या.

"डोक्स्यावरचे केस काहून ठेवले?" पोस्टातून रिटायर झालेल्या देवरावांनी विचारलं.

"शिकेल आहे ना. हे लोक थोडक्यातच उरकते," काकू म्हणाल्या.

पाहता पाहता ओसरी भरली. झरीला फोन लावला, रेंज नाही. "आता कायले फोन लावतं रे, कोन उचलन?" म्हणून काकूंनी हंबरडा फोडला. मी होल्डरची रचना समजावून सांगितली, खटकाही सांगितला. देवरावांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि कोणालातरी पाणी आणायला सांगितलं.

तेवढ्यात फोन वाजला. वैशू!

"दादा, पास झाली! सुई जागची हलली नाही! सर म्हणे, टाके पाहा कसे सरळ!"

मला काही भान उरलं नाही. मी उडी मारली, खो खो हसलो, देवरावांना कवटाळून ओसरीभर फिरवलं.

कमलाकाकूंनी पदराने नाक पुसलं. "बाप जाऊन एक दिस नाही झाला अन् हा नाचून राह्यला. म्हनून म्हनते मी, पोट्टं लई शिकवू नये."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या पदवीबद्दल गावात इतकं एकमत त्याआधी कधीच झालं नव्हतं.