उसनं अंग

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर माफ करा. माझं अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण हे तोंडाने कुणाला सांगवत नाही.

आई गेली तेव्हा तिचा एकच फोटो होता, मतदान कार्डावरचा. भाऊ तो घेऊन भिवंडीतल्या स्टुडिओत गेला. तिथे गळ्यापासून खालच्या नुसत्या अंगांचा अल्बम असतो. त्यातलं एक निवडायचं, त्यावर गेलेल्या माणसाचा चेहरा बसवून देतात. भावाने खुर्चीत बसलेलं, जांभळ्या पैठणीतलं, सोन्याचा हार घातलेलं अंग निवडलं. तेराव्याला शेजारणी म्हणाल्या, "अगं, कशी शेठाणी दिसते!"

माझी नजर हातावर गेली. आईच्या उजव्या हाताची करंगळी कापडाच्या लूममध्ये अर्धी गेली होती. फोटोत पाची बोटं पुरी, वर अंगठी.

पुढे एकदा कोन गावाला ओळखीच्या घरी गेले. भिंतीवर त्यांच्या वारलेल्या सासूचा फोटो. तीच पैठणी, तोच हार, तोच हात. तेव्हापासून आई परक्या घरात कोंडल्यासारखी बघते आहे असं वाटायचं. मी फोटोकडे पाठ करून जेवायचे.

भाऊ म्हणाला, "सोन्याने मढवलीय तिला. तुला तेपण बघवत न्हाय?"

शेवटी पूर्णा गावच्या ज्या गोदामात मी पॅकिंग करते, तिथल्या मुकादमाकडून उचल घेतली आणि आईचं सुती लुगडं पिशवीत घालून एकटीच स्टुडिओत गेले.

"करंगळी अर्धी पाहिजे," मी म्हटलं.

फोटोवाला हसला. "ताई, लोक बोटं जोडून मागतात. तुम्ही तोडून मागताय!" मग म्हणाला, "असं अंग अल्बममध्ये न्हाय. तुम्हीच बसा."

मी कधी स्टुडिओत फोटो काढला नव्हता. लुगडं नेसून बसले, करंगळी मुडपून धरली.

आता चेहरा आईचा, गळ्याखाली मी. फुलांचा हार घालते तो माझ्याच गळ्यात पडतो. पहिले काही दिवस मी स्वतःचे हात चाचपून बघायचे. पण आई कोंडलेली वाटत नाही. मी तिच्याकडे तोंड करून जेवते.

भावाने नवा फोटो जवळ जाऊन बघितला. "हात बरोबर जमवलाय त्यानं," म्हणाला. हात कोणाचा, ते मी सांगितलं नाही.

काल मुकादमाने पगारातून शेवटचे दोनशे कापले आणि उचलीची वही पुढे केली. सही करताना पाहिलं, करंगळी आपोआप मुडपली होती. उचल पुरी फिटली.