गच्चीवरचा बंब

आज नेहमीपेक्षा लवकर जाग आली. न्हाणीघरात बायको वाकलेली दिसली. सांडशीत धरलेल्या पातेल्यातलं उकळतं पाणी ती माझ्या बादलीत, आवाज होऊ न देता ओतत होती. मला पाहून दचकली.

“नळाचं आज जरा कोमट आहे,” ती म्हणाली.

“आजच?”

ती रिकामं पातेलं घेऊन आत गेली.

निवृत्तीनंतर मी गच्चीवर बंब केला. तांब्याची नळी गोल गोल वळवली, काळी रंगवली, काचेच्या पेटीत बसवली. उन्हाने तापणारं फुकटचं पाणी! आल्यागेल्याला वर नेऊन दाखवायचो. रात्रभर थंडीत पडलेल्या नळीतलं पाणी पहाटे गरम कसं राहील, हा साधा प्रश्न अख्ख्या हिवाळ्यात मला पडला नाही. तिला पडला होता. तिने तो मुकाट्याने गॅसवर ठेवला.

अंगावर तांब्या घेताना पाणी छान कढत होतं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली म्हणून मिरवलेली ऊब आणखी कुठे कुठे तिने अशी मिसळून ठेवली असेल? माझ्या विनोदांना सगळ्यांत आधी तीच हसते.

बाहेर आलो तर शेजारचे नाना पाहुण्यांना घेऊन दारात उभे. “यांना तुमचा बंब बघायचाय.”

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, “न्या ना वर. चटका बसतो हो, इतकं गरम येतं!”

चपला घालायला मी खाली वाकलो, तो बराच वेळ वाकलेलाच राहिलो.