म्हसोबाच्या वळणावरचा लाल ठिपका

भूत, करणी, बाहेरचं... असलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. या ग्रुपवर लोक टाकतात ते अनुभव वाचून मी हसायचे. तेव्हा तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही. घडलं तेवढं सांगते.

मी शिरूरला दुधाच्या टँकरच्या ऑफिसात ट्रॅकिंगला असते. प्रत्येक टँकरला जीपीएसचा डबा, त्यात सिमकार्ड. माझ्या स्क्रीनवर नकाशा आणि ठिपके. गाडी चालू असली की ठिपका हिरवा, इंजिन बंद झालं की लाल. वाटेत भलतीकडं लाल झाला की अलर्ट थेट साहेबांच्या मोबाईलवर.

माझे वडील, म्हणजे आप्पा, इथंच टँकर चालवायचे. राहूला दूध भरायचं, पारगावला भीमेचा पूल ओलांडून न्हावऱ्यावरून शिरूरला यायचं. पुलाच्या अलीकडं वळणावर बाभळीखाली म्हसोबा आहे. बाकीचे ड्रायव्हर चालत्या गाडीतूनच हॉर्न मारून पुढं जातात. आप्पा मात्र रोज गाडी बाजूला घ्यायचे, चावी काढायचे, उतरून बाटलीतलं पाणी दगडावर ओतायचे. "इंजिन कशाला बंद करता?" असं मी एकदा विचारलं होतं.

"देवापुढं घरघरत ठिवायचं व्हय? आपून चप्पल काढतो का न्हाई... तसंच हाय ते."

जीपीएस बसलं आणि हेच त्यांच्या मुळावर आलं. रोज त्याच जागी इग्निशन ऑफ. साहेबांनी ठरवून टाकलं, हा डिझेल काढतो. आप्पांनी सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं.

"ताई, माणूस खोटं बोलतो. मशीन बोलत नाही," साहेब म्हणाले.

आप्पांना काढून टाकलं. गावभर बोभाटा झाला, डिझेलचोर म्हणून. आप्पांनी पारावर जाणं सोडलं, मग अन्नावरची वासनाच गेली, आणि एक दिवस तेही गेले. डॉक्टरांनी हार्टचं निमित्त सांगितलं. मला विचाराल तर त्यांना त्या आरोपानं मारलं. नोकरी मी सोडली नाही, कारण माझ्या पगारावरच घर चालतं.

तेरावं उरकून कामावर आले. भर दुपारी आप्पांचाच टँकर म्हसोबापाशी लाल. आता तो रामसेवक म्हणून यूपीचा ड्रायव्हर चालवतो. मी फोन लावला.

"मैडम, कसम से, मैं तो रुका ही नहीं. पुल भी पार हो गया."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. जीपीएसवाला माणूस आला. नेटवर्क गेलं की गाडीचा डेटा साठतो आणि मागून येतो, असं म्हणाला. त्यानं सिम बदललं, मग अख्खा डबा बदलला. आमचे बाकीचे टँकर त्याच वळणावरून हिरवेच्या हिरवे जातात. हाच एक लाल होतो.

शेवटी मी स्वतः टँकरमध्ये बसले, हातात मोबाईल, त्यावर तोच नकाशा. नेटवर्क फुल होतं. वळण आलं, रामसेवकनं हॉर्न मारला, आम्ही पुलावर चढलो... आणि ठिपका मागंच राहिला. लाल. इग्निशन ऑफ. माझ्या पायाखाली इंजिन धडधडत होतं आणि मोबाईल सांगत होता की गाडी म्हसोबापुढं गप उभी आहे. पाणी ओतून हात जोडायला लागतो तेवढा वेळ गेला, मग ठिपका हिरवा झाला आणि एकदम आम्हाला येऊन मिळाला.

भीती वाटली नाही. रडूही आलं नाही. संताप आला, नुसता संताप.

तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. ते हसले.

"अगं, मशीनच ते. त्याचं काय खरं धरायचं?"

"मग आप्पांच्या वेळी कसं धरलं, साहेब?"

साहेब मोबाईल बघायला लागले.

हे काय आहे, मला अजून कळलेलं नाही. जीपीएसवाल्यानं हात टेकले. आप्पा येतात असं मी म्हणणार नाही. ते असते तर घरी आले असते, त्या ऑफिसच्या टँकरवर कशाला जातील?

रोजच्या अलर्टला कंटाळून साहेबांनी गेल्या आठवड्यात मला बोलावलं. ती जागा मंजूर थांब्यांच्या यादीत टाक म्हणाले. आता त्या वळणावर कुणी कितीही वेळ इंजिन बंद करून उभं राहिलं तरी अलर्ट जात नाही. मी टाकली. एका क्लिकचं काम होतं.