उखर्डू मिस्त्री आणि जळक्या प्लेटी

साक्रीच्या भरल्या बाजारात रुपचंद दूधवाल्यानं मोटारसायकल उभी केली, समोरच्या दुकानाकडे बोट केलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "या मिस्तरीनी मन्ही गाडीमा जुन्या प्लेटी टाक्यात! चोर शे हाऊ, चोर!"

मिरच्या मोजणाऱ्या बाईचा तराजू थांबला. दुकानात गाडीखाली आडवा पडलेला उखर्डू मिस्त्री उठून बसला आणि त्याच्या अंगाची लाही लाही झाली.

उखर्डू तापट होता, हे कबूल केलंच पाहिजे. गिऱ्हाईकाला चहा पाजून गोड बोलणारा मिस्त्री तो नव्हे. गाडी जनावरासारखी हाकतोस म्हणून तो उलट गिऱ्हाईकाचीच हजेरी घ्यायचा. पण नवीन भागाचं पाकीट तो गिऱ्हाईकासमोर फोडी आणि काढलेला जुना भाग त्याच्याच हातात ठेवी. तोंड फाटकं, पण हात स्वच्छ, असं अख्खा तालुका म्हणायचा. त्या एका वाक्यावर त्याचं दुकान चालत होतं, आणि आज त्याच वाक्यावर या पठ्ठ्यानं चिखल फेकला होता.

बरं, रुपचंदची तक्रार खोटीही नव्हती. दुधाच्या कॅना लादून गाडी चढाला लागली की इंजिन नुसतं बोंबले आणि चाक काही पुढे सरकेना. क्लच घसरत होता. क्लचच्या प्लेटी एकमेकींना घट्ट चिकटून बसल्या तर इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते. त्या सैल पडल्या की घसटून घसटून जळतात. उखर्डूनं नव्या प्लेटी टाकल्या. थोडे दिवस गाडी चांगली पळाली, मग पुन्हा तेच. त्यानं पुन्हा बदलल्या, तरी तेच. दरवेळी दुकानात पाहावं तर क्लचच्या दांडीला नाण्याच्या जाडीएवढी ढील, केबल मोकळी, सगळं जागच्या जागी. गाडी दुकानात आली की शहाण्यासारखी वागायची आणि घरी गेली की मिस्त्रीचं नाव बुडवायची.

"पळू नको!" उखर्डू गरजला. "चोर म्हणस ना? आते बठ्ठास्ना समोर खोलस. देखा सारा जन!"

त्यानं भर रस्त्यात पोतं अंथरलं आणि क्लच खोलला. बघ्यांचा घोळका जमला. प्लेटी बाहेर आल्या त्या काळ्याठिक्कर, जळक्या वासाच्या. "प्लेटी नव्याच शेतस," उखर्डूनं त्या सगळ्यांसमोर फिरवल्या. "पन जळेल शेतस. कोनतरी क्लच अर्धा दाबी ठेवस." पण जळलेली प्लेट नवी होती की जुनी, हे मिरची घ्यायला आलेल्या माणसाला काय कळणार? त्यांना फक्त काळं दिसलं. घोळक्यातून कोणीतरी हसलं, आणि ते हसू उखर्डूला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

रुपचंदनं शपथ घेतली की त्याचा हात कधीच क्लचवर नसतो. उखर्डूचा विश्वास बसला नाही. त्यानं पदरच्या नव्या प्लेटी टाकल्या, दुकानाचं दार ओढलं आणि रुपचंदच्या मागे गाडीवर जाऊन बसला. "चाल तुना घर. देखस मी तुना हात."

सारी वाट तो रुपचंदच्या डाव्या पंजाकडे डोळे वटारून बघत होता. बोटं मोकळी होती. चढावर गाडी कुरकुर न करता चढली. उखर्डू मनात म्हणाला, आता मी वेडा तरी आहे, नाहीतर ही गाडी झपाटलेली तरी आहे.

अंगणात गाडी उभी राहिली, आणि रुपचंदची आई तानुबाई घरातून लगबगीनं बाहेर आली. तिच्या हातात काळा दोरा होता, त्यात बिब्बा ओवलेला. पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी ती गाडीपाशी गेली आणि क्लचची दांडी मुठीशी ओढून धरत तिनं दोऱ्याचे वेढे करकचून आवळले.

उखर्डूनं पुढे होऊन दांडी चाचपली. ढील नावाला उरली नव्हती. क्लच कायमचा अर्धा दाबलेला!

"हाऊ दोरा कवयपासून शे?" त्यानं विचारलं.

रुपचंद चाचरत म्हणाला, गाडी घेतली तेव्हापासूनच. आधी माय उजवीकडे, ब्रेकच्या दांडीला बांधायची. "मंग ब्रेक लागेल राहे, चाक फिरे ना. अलीकडे मीच सांगं, डावीकडे बांध म्हनी." आणि दुकानात आणताना? दृष्टीच्या दोऱ्याला परक्याचा हात लागला की त्याचा गुण जातो, म्हणून दुकानात यायच्या आधी तो स्वतः सोडून घरी ठेवायचा, परतल्यावर माय पुन्हा बांधायची.

म्हणजे आजारी माणसानं वैद्याकडे जाताना आजार घरी खुंटीला टांगून ठेवावा, आणि वर वैद्यालाच चोर म्हणावं! उखर्डूच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. दोरा हिसकून घ्यावा, बाजारात नेऊन नाचवावा, असं त्याला झालं. त्यानं तोंड उघडलंही.

"मन्हा मोठा पोऱ्या रस्तावरच गया ना भाऊ," तानुबाई दोऱ्याची गाठ पक्की करत म्हणाली. "ट्रकखाले. त्यानी सायकलले मी काहीच बांधं नव्हतं. हाऊ तरी घर येवाले पाहिजे."

उखर्डूचं तोंड मिटलं. त्याच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती. हा झाला तेव्हा तिनं त्याला उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचललं होतं आणि नावही उकिरड्यावरूनच उखर्डू ठेवलं होतं, मरणाला किळस यावी म्हणून. तो काय हसणार दुसऱ्याच्या आईला? "माय," तो म्हणाला, "मुठीले नको बांधू. मधमा, दिवाले बांध." तिनं ऐकलं. का, ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

निघताना मात्र त्यानं रुपचंदचं मनगट धरलं. "मायले काही सांगू नको. पन तुनी चूक तू बजारमा सांग. जठे चोर म्हनं, तठेच."

रुपचंदनं मान हलवली, आणि पुढच्या बाजारी या भल्या माणसानं काय सांगितलं? "गाडी आते चांगली चालस," एवढंच. स्वतःच दाखवलेल्या जागेचं हसू होईल, या भीतीनं बाकी सगळं गिळून टाकलं. मग लोकांनी हिशेब जुळवला: रुपचंद ओरडला, मिस्त्री घाबरला, आणि यावेळी खऱ्या प्लेटी टाकल्या! गाडी बरी झाली तोच चोरीचा पुरावा ठरला. ठरलेली गिऱ्हाइकं दुकानावरून मान वळवून जाऊ लागली. उखर्डू दात खाऊन बसला होता. दोऱ्याची गोष्ट सांगितली असती तर तो क्षणात सुटला असता, पण साऱ्या बाजारानं तानुबाईच्या नावानं दात काढले असते.

त्याच्या पुढच्या बाजारी तानुबाई मीठ घ्यायला आली. मीठवाला सहज बोलून गेला, "त्या चोर मिस्तरीकडे जाऊ नका." तिनं रुपचंदला विचारलं. तो आधी टाळत राहिला, मग मान खाली घालून सगळं बोलला.

तिनं मीठ तिथंच ठेवलं. पोराचा दंड धरून त्याला मिरचीवाल्यांच्या ओळीसमोर आणलं आणि असा आवाज काढला की सारा बाजार वळला. "मन्हा दोऱ्यानी प्लेटी जळ्यात! मी बांधा, यानी जागा दाखाडी, आनी चोर तो मिस्तरी? दात काढाना व्हई तं मन्हाकडे देखीसन काढा! बोल रे, रुपचंद!"

कोणी हसलं नाही. रुपचंद पुटपुटला, "मिस्तरी चोर नही."

उखर्डू पाना हातात घेऊन दुकानाच्या दारात आला होता. राग अजून नाकाच्या शेंड्यावर होता आणि डोळे भरून आले होते.

"जोरमा बोल," तो म्हणाला. "त्या दिन यानापेक्षा मोठा आवाज व्हता तुना."