सिमेंट कमी वापरा म्हणणारे आम्ही

लोकांना तुमचं काम कळत नसलं की किस्से आपोआप साठतात. आमचं सिडकोतलं ऑफिस तिघांचं: कदम सर, नसरीन आणि मी. सिमेंट, सळई, विटा तयार होताना किती कार्बन हवेत जातो ते मोजायचं आणि तो कमी कसा करता येईल ते घर बांधणाऱ्याला सांगायचं. ऐकायचं की नाही, ते त्याच्या हातात.

*

मी रुजू झालो तेव्हा आत्यानं सगळ्या नात्यात सांगितलं, पोरगा पीयूसी सेंटरवर लागला. एक दिवस तिचे दीर स्कूटर घेऊन ऑफिसच्या दारात हजर. सरांनी त्यांना चहा पाजला आणि जवळच्या पंपावर स्वतः सोडून आले. म्हणाले, "आज एकाचं तरी काम झालं."

*

खुलताबादजवळच्या एका शाळेच्या दगडी भिंती अजून धडधाकट होत्या. भिंती ठेवा, फक्त छप्पर बदला, असं आम्ही सुचवलं. शाळेच्या अध्यक्षांना ते फार पटलं. पुढच्या महिन्यात भूमिपूजनाला बोलावणं आलं. जाऊन बघतो तर भिंती पाडून सगळं मैदान सपाट.

अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला. "तुमचा रिपोर्ट लई आवडला सायेब. नव्या बिल्डिंगीत फ्रेम करून लावणार हाय."



*

नसरीन आमच्यातली सगळ्यात हुशार. वीजकेंद्राची राख मिसळून तिनं सिमेंट बरंच कमी केलेलं काँक्रीट तयार केलं. लॅबमध्ये ते पास झालं, बिल्डरही तयार झाला. पण ज्यांचं घर होतं त्या बाई हात जोडून म्हणाल्या, "राख आम्ही नदीत सोडतो ताई. घरात कशी घेऊ?"

नसरीननं वाद घातला नाही. वर्षभरात ती दुबईला गेली. आता काचेच्या टॉवरांचा कार्बन मोजते. फोनवर सांगत होती, "यहाँ सब सुनते हैं. बस, गाव आपलं नाही."

तिची खुर्ची आम्ही अजून हलवलेली नाही.

*

कदम सरांना सोयगावला वडिलांसाठी घर बांधायचं होतं. शेतातल्याच मातीच्या विटा, चुन्याचा गिलावा. नकाशा त्यांनी कितीतरी वर्षं जपला होता. वडिलांनी तो बघितला आणि बाजूला ठेवला.

"सारा जन्म मातीच्या घरात काढला, शेण सारवलं. तू शिकलास ते पुन्हा मातीतच न्यायला व्हय?"

सरांनी पूर्ण स्लॅबचं घर बांधलं. वास्तुशांतीला आम्ही गेलो. वडील प्रत्येक भिंतीवरून हात फिरवत होते. सर कानाशी येऊन म्हणाले, "आज काही मोजू नका."

मे महिन्यात भर दुपारी सरांबरोबर पुन्हा गेलो. नवं घर बंद होतं. वडील मागच्या गोठ्यात, मातीच्या भिंतीला बाज लावून झोपले होते. सरांनी हळूच उठवून विचारलं, इथं कशाला?

ते कुशीवर वळले. "तिकडं पाव्हणे बसत्याल. मी हाय इथं."

 सर चपला काढून तिथंच, बाजेच्या पायथ्याशी बसले.