जांभळीला सगळं माहीत होतं

आमच्या कामाचा महिन्याचा अहवाल हिंदीत भरावा लागतो. गाव, विषय, उपस्थित महिला, उपस्थित पुरुष असे ऐसपैस रकाने, आणि शेवटी बोटभर रुंदीचा एक रकाना, 'अन्य'. इतक्या वर्षांत माझ्याजवळ सांगण्यासारखं जे जे साठलं, ते सगळं त्या बोटभर जागेतलं आहे. तिथं मी दर महिन्याला 'निरंक' लिहिते आणि घरी येऊन मैत्रिणींना तासभर सांगत बसते.

काम असं की बुऱ्हाणपूरच्या आसपासच्या गावांत बकऱ्या, म्हशी आणि तळ्यातले मासे सांभाळणाऱ्या बायकांना शिकवायचं, आणि त्या कामात त्यांचं म्हणणं चालतं का ते बघायचं. अहवालात याला लांबलचक नाव आहे. माझ्याबरोबर असतात ते आमचे डॉक्टरसाहेब, म्हणजे जनावरांचे डॉक्टर. रिटायर होऊन नेपानगरला घर बांधलंय, पण घरात करमत नाही. अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलतात आणि बैलापेक्षा माणसांना जास्त घाबरतात.

गाव चांदनी स्टेशनच्या बाजूचं. नाव सांगणार नाही. सांगितलं तर भागवतभाऊ मला पुन्हा गावात चहा पाजणार नाहीत.

* * *

पहिली मीटिंग. दवंडी दिली होती, 'म्हैस सांभाळणाऱ्या सगळ्यांनी यावं.' सभामंडप भरला. सगळे पुरुष!

मी विचारलं, "बायका कुठं आहेत?"

"म्हशीपाशी," पुढच्या रांगेतून उत्तर आलं. त्यात आपण काही गमतीचं बोललो असं कुणाला वाटलं नाही.

डॉक्टरसाहेब म्हणाले, असू दे, जे आलेत त्यांना शिकवू. मग त्यांनी सोपा प्रश्न टाकला. "म्हैस ओरडत नाही, गडबड करत नाही. मग ती माजावर आली, हे तुम्हाला पता कसं लागतं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणी टोपी नीट केली, कुणी मोबाईल बघितला. शेवटी मागून एक उंच माणूस उठला. हेच भागवतभाऊ. म्हणाले, "थांबा जरा, घरून इचारून येतो."

गेले, आणि खरोखर पाच मिनिटांत परत आले. "म्हनते, त्या दिवशी ती तोंड फिरवून उभी राहते अन् दूध चोरते. बाकी काई पाहिजे असन तर इथं या म्हने. मले टाइम नाही."

डॉक्टरसाहेबांनी खडू ठेवला. "चलिए मॅडम, क्लास उधर है."

तेव्हापासून आमच्या मीटिंगा गोठ्यात व्हायला लागल्या. भागवतभाऊंची बायको सुरेखा, ती मला अशी भेटली. शेणाचे हात, कपाळावर आलेली बट मनगटानं मागे सारत बोलणारी. आणि तिच्या मागे जांभळी. पिकल्या जांभळाच्या रंगाची म्हैस, डोळे मिटून रवंथ करत होती.

* * *

बकऱ्यांची मीटिंग मात्र केळीच्या बागेच्या बांधावर व्हायची, कारण बायका तिथंच चारायला आणायच्या. 'तुम्हाला फुरसत कधी असते,' असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा गंगूआजी म्हणाली होती, "फुरसत? आपल्या इकडे भेटत नाही ते. बुऱ्हानपूरले भेटते का व?"

गंगूआजी म्हणजे गटातली सगळ्यात म्हातारी. तिच्याच बकरीनं एकदा माझा हजेरीचा कागद खाल्ला. मी सहीच्या जागी सगळ्यांचे अंगठे घेऊन कागद गवतावर वाळत ठेवला होता. बघते तर कोपरा तेवढा उरलेला. पुन्हा अंगठे घ्यायला शाईचा डबा काढला, तर आजीनं हात मागे घेतला. "आता सही शिकव. अंगठा तिले लई गोड लागते."

ती सही शिकली. महिनाभर लागला. तिच्या सहीतला 'ग' अजूनही बांधावरच्या झाडासारखा एका बाजूला कललेला असतो.

* * *

एका मीटिंगमध्ये मी विचारलं, "या कामातून तुम्हाला स्वतःला काय पाहिजे? घराला नाही. तुम्हाला."

असले प्रश्न आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात.  मग एकीनं पक्का गोठा सांगितला, एकीनं चारा कापायची मशीन. सुरेखा खाली बघत म्हणाली, "मले माहेरी एक रात राहायचंय."

आम्ही हसलो. ती हसली नाही.

तिचं माहेर रावेरकडे. बसनं सकाळी जावं, संध्याकाळी यावं एवढं जवळ. आणि सोळा वर्षं ती तेच करत होती. सकाळची धार काढून जायची आणि संध्याकाळच्या धारेला परत. जांभळी तिच्याशिवाय कुणाला हात लावू देत नव्हती. जांभळीच्या आधी जांभळीची आई होती, तिचीही तीच तऱ्हा. मी शहाणपणानं विचारलं, "म्हैस आटते तेव्हा?" ती म्हणाली, "तवा ती गाभन राहते ताई. तवा तर पायच नाही निघत."

रावेरला तिची आई एकटी. वय झालेलं, गुडघे गेलेले. दरवेळी म्हणायची, आज राहून जा. मग स्वतःच चार वाजता चुलीपाशी बसून भाकरी करायची आणि फडक्यात बांधून द्यायची, कारण रात्रीच्या जेवणाला लेक कधीच नसायची. या वर्षी आई म्हणाली होती, "राहायचं असन तर आता राह्य व. पुढच्याचं काई सांगता येत नाही."

हे सांगताना सुरेखाचा आवाज फुटला नाही.  परत येताना डॉक्टरसाहेब स्कूटीच्या मागच्या सीटवरून म्हणाले, "मॅडम, वही सवाल आपको पूछा तो? तुम्हाला काय पाहिजे?"

 घरी पोचले तर आमचे हे दारातच विचारत होते, जिऱ्याचा डबा कुठं आहे.

* * *

मध्ये तळ्याचं प्रकरण झालं.

गावचं तळं बायकांच्या गटाला मिळालं होतं. रोहू आणि कतला सोडले होते. रोज सकाळी घमेल्यात कोंडा आणि पेंड कालवून टाकायचं काम गंगूआजीकडे. आजीनं जन्मात मासा तोंडाला लावलेला नाही. पण जीव लावताना तिला त्याची अडचण आली नाही.

मासे काढायचा दिवस आला. तापीकाठचे जाळंवाले बोलावले. त्यांनी आल्याबरोबर सांगितलं, बायकांनी जाळ्याला हात लावायचा नाही आणि पाण्याजवळ यायचं नाही, मासा पळतो. आमच्या बायका ज्यांनी आठ महिने तळं सांभाळलं, त्या काठावर लांब उभ्या. मी भांडायला निघाले तर आजीनं माझा हात धरला. "टाकू दे."

तीन वेळा जाळं टाकलं. मूठभर बारीक मासळी आणि एक फाटकी चप्पल.

मग आजी उठली. घमेलं घेतलं, पाण्याशी जाऊन बसली आणि विळ्यानं ते वाजवायला लागली. टण, टण, टण. काठाजवळचं पाणी हलायला लागलं. कोंडा मिळणार म्हणून सगळे मासे तोंडं वर करून आले.

"टाका आता," आजी म्हणाली.

जाळं भरून आलं. जाळंवाला म्हणाला, "आजी, आधी सांगायचं ना."

"कोनी इचारलं?"

आणि ती उठून लिंबाखाली गेली आणि तळ्याकडे पाठ करून बसली.  दुसऱ्या दिवशी सकाळी घमेलं वाजवायला जायची तिची हिंमत होत नव्हती, म्हणून सुरेखा बरोबर गेली. जाळ्यातून निसटलेली बारीक पिल्लं आली. आजी तिथंच बसून रडली म्हणे.

पण डॉक्टरसाहेबांच्या डोक्यात वेगळंच शिरलं. "मॅडम, मछली आवाज पहचानती है. म्हैस तर कितीतरी हुशार."

* * *

त्याआधी आम्ही साडीचा प्रयोग करून बसलो होतो. म्हशीला बाईची सवय असली की पुरुषानं बायकोचं लुगडं पांघरून बसावं, ही युक्ती गावोगाव करतात. भागवतभाऊ आठ दिवस नाही म्हणत होते. सुरेखानं त्यांना एकदाही आग्रह केला नाही. फक्त रावेरहून आलेलं भाकरीचं फडकं धुऊन त्यांच्या समोर दोरीवर वाळत घातलं. नवव्या दिवशी ते म्हणाले, "आन मंग ते पातळ."

फाटक लावून घेतलं, खिडकीला पोतं लावलं. पॅंटवर हिरवं पातळ, डोक्यावर पदर. जांभळीनं त्यांना वरपासून खालपर्यंत हुंगलं आणि शांत उभी राहिली.  भाऊ खाली बसले, सडाला हात लावला, आणि लाथेसरशी बादली शेणाच्या ढिगात!

भिंतीपलीकडून गंगूआजीचा आवाज आला. "लुगडं वळखलं तिनं. मानूस बी वळखला."

तळ्यानंतर डॉक्टरसाहेबांनी सुरेखाला विचारलं, "धार काढताना तुम्ही काही बोलता का म्हशीशी?"

ती कानापर्यंत लाल झाली. "थोडंसं."

"काय?"

"असंच."

काही केल्या सांगेना. शेवटी डॉक्टरसाहेबांनी औषधाची चिठ्ठी लिहावी तसं सांगितलं. आठ दिवस भागवतभाऊंनी शेजारी बसायचं. आवाज तिचा, हात यांचा. मग हळूहळू आवाजही यांचा.

* * *

पुढचं मला भागवतभाऊंनीच सांगितलं. माझ्या स्कूटीचा आरसा उगाच इकडे तिकडे वळवत, माझ्याकडे न बघता.

पहिले दोन दिवस सुरेखा शेजारी बसली आणि गप्प राहिली. नवऱ्यासमोर बोलणार काय? जांभळीनं दूध वर चढवून ठेवलं. कास दगडासारखी झाली. तिसऱ्या दिवशी तिनं म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवलं, डोळे मिटले आणि रोजचं बोलायला लागली.

"आज भाजीत मीठ जास्त झालं. कोनी बोललं नाही, नुसतं ताट सारलं. पहाटपासून उभी हाये. शिकायले गेलेल्या पोरीचा फोन आला तर फोन त्यायच्याच कानाले, मले शेवटी दोन शब्द. आईनं जांभळ्या रंगाची साडी घेतली मले, कोनी पाह्यली बी नाही. कोनी इचारत नाही दिवसभरात, जेवली का म्हनून. तू जेवली का व, जांभळे?"

आणि एवढं विचारलं की जांभळी पान्हा सोडायची.

भागवतभाऊ आरसा सोडून म्हणाले, "ताई, सोळा वर्सं मी ओट्यावर बसून ऐकलं. मले वाटे, ही भजन म्हनते."

* * *

आठव्या दिवसापर्यंत तिच्या आवाजावर भाऊंच्या हाताला दूध यायला लागलं, आणि सुरेखा गेली. सकाळची धार काढून, पहिल्या बसनं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम गावात गेले. फाटकाशी पोचले आणि आतला आवाज ऐकून तिथंच थांबले. भागवतभाऊ खांद्यावर हिरवं पातळ टाकून बसले होते आणि पाठ केल्यासारखं म्हणत होते. "मीठ जास्त झालं. कोनी बोललं नाही. पहाटपासून उभी हाये. कोनी इचारत नाही." स्वतःविरुद्धच्याच तक्रारी, एकही न गाळता. आईनं घेतलेल्या साडीसकट!

जांभळीचा कान हलला, पण दूध येईना.

मग भाऊ स्वतःचं बोलायला लागले. "चाय केली मी, साखर नाही भेटली. डबा कुठं ठेवते ती, मी कधी पाह्यलंच नाही. घर लई मोठं वाटून राह्यलं आज." आणि मग म्हणाले, "तू जेवली का व, जांभळे?"

बादलीत धारेचा आवाज आला. मी स्कूटी ढकलत ढकलत वळणापर्यंत नेली आणि तिथं चालू केली.

* * *

एका रात्रीसाठी गेलेली सुरेखा चार रात्री राहिली. परत आल्यावर बांधावरच्या मीटिंगला आली ती आईनं घेतलेली साडी नेसून. सगळ्याजणी तिच्याभोवती गोळा झालो.

पहिल्या दिवशीही आईनं सवयीनं चार वाजताच भाकरी बांधून हातात दिली होती म्हणे. सुरेखानं ती फडताळात ठेवली, आणि दिवेलागणीनंतर सोडून दोघींनी एका ताटात खाल्ली. आईनं विचारलं, "खरंच नाही जात?" असं तिनं तीनदा विचारलं.

"अन् घरी?" गंगूआजीनं विचारलं. "घरी आली तवा?"

"आली तवा सांज झालेली. पिशवी ओट्यावर टाकली अन् सीधी गोठ्यात गेली. जांभळीनं मले हुंगलं. बाल्टी घेऊन बसली, तर हे मागून आले. दुसरा पाट घेऊन माझ्या बाजूले बसले. मी तर काईच बोलली नाही. पह्यले हेच बोलले."

"काय बोलले?"

"म्हने, जेवली का व?"

 एक बकरी सुरेखाच्या पदराला तोंड लावत होती, तिला कुणी हाकललं नाही.

"कोनाले इचारलं ते काई समजलं नाही मले," सुरेखा म्हणाली. "हे तर खालीच पाहत होते. मी आपलं सांगून टाकलं, नाही जेवली अजून."