दोन डोळ्यांचे दोन निळे

"कापड निळं झालं की नाही हे कापडाला विचारू नका, मला विचारा," असं आसाके एकदा अबेओकुटा गावच्या भर बाजारात म्हणाली होती, आणि तिथल्या बायकांनी ते मुकाट मान्य केलं होतं.

नवव्या वर्षी आईच्या रांजणापाशी बसली, ती साठी उलटली तरी उठली नव्हती. निळीच्या रांजणातून कापड हिरवं निघतं, वारा लागला की निळं होत जातं. ते पुन्हा कधी बुडवायचं आणि कधी 'पिकलं' म्हणून दोरीवर टाकायचं, हे ती नुसत्या नजरेनं सांगे. लग्नाला सगळं घराणं एकाच रंगाचं कापड नेसतं. चाळीस माणसं, चाळीस कापडं. एखाद्याच्या अंगावर फिकं आलं, तर त्याला आपल्यातून काढून टाकल्यासारखं वाटतं. म्हणून लोक आसाकेकडे येत.

मग तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डाव्याला अजून अवकाश होता.

पट्टी सुटली तेव्हा डॉक्टरीणबाईंचा पांढरा डगला तिला निळसर दिसला. डावा डोळा उघडा ठेवून पाहिलं, तर तोच डगला चहा सांडल्यासारखा.

"जुनं भिंग पिवळं पडलं होतं, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यातून निळं काळपट दिसतं. हळूहळू होत गेलं म्हणून कळलं नाही. मेंदू सांभाळून घेतो."

"कुणाला विचारून?" आसाके म्हणाली.

घरी आल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. हा डोळा मीट, तो उघड. आभाळ बघ, परात बघ, स्वतःचे तळहात बघ. आईच्या अंगावरचं लुगडं तिला आठवे, पण त्याचा निळा कुठल्या डोळ्याचा, ते ठरेना. आठवण कोणत्या भिंगातून येते, हे कुणाला विचारायचं?

"अक्का, येणाऱ्याजाणाऱ्याला डोळे मारतेस," वुराओला हसली. ती आसाकेची धाकटी सवत. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, तरी दोघी एकाच अंगणात रंगवत होत्या. "या वयात नवरा शोधतेस की काय?"

"शोधते. तुलाच सवत म्हणून नेईन."

"नको गं बाई. एका खेपेत हौस फिटली."

एका दुपारी आसाकेनं पेटी उघडली. प्रत्येक कामाचा वीतभर तुकडा ती जपून ठेवी. गेल्या सहा वर्षांचे तुकडे तिनं उन्हात मांडले आणि नव्या डोळ्यानं एकेक पाहिला. सगळे अस्सल, गर्द. एकही फिका नाही.

तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिनं तुकडे पुन्हा उलटून पाहिले. जुनं भिंग निळं काळपट दाखवत होतं, म्हणजे तिनं कापड वेळेआधी काढलं होतं. सहा वर्षं. मग हे तुकडे फिके असायला हवे होते.

वुराओला नक्षीपुरता रंग अडवायला लागणारी कसाव्याच्या कंदाची खळ घोटत बसली होती.

"धाकटे, माझ्यामागं कापड कोण बुडवत होतं?"

खळीतला दांडा थांबला. "तू बाजाराला जायचीस तेव्हा. दोनदा. कधी तीनदा."

"आणि मला बोलली नाहीस?"

"पहिल्यांदा बोलले होते. तू म्हणालीस, माझ्या रांजणात तुझं नाक कशाला. चार दिवस माझ्या हातचं जेवली नाहीस."

"पाचव्या दिवशी जेवले ना?"

"जेवलीस. मीठ कमी आहे म्हणालीस."

आसाके हसली नाही. त्यानंतर ती वुराओलाशी जरुरीपुरतंच बोलू लागली. शिव्या तरी दे, असं वुराओलाला वाटे. आसाके मात्र अंगणात येरझारा घाली, दोरीवरचं कापड हातात घेई, सोडून देई.

आठवड्यानं मोरोलाकेची आई आली. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. चाळीसपैकी पहिलं कापड आज ठरणार होतं. त्याच्यावरून बाकीची एकोणचाळीस. वुराओलानं ते रांजणातून काढलं, वाऱ्यावर धरलं आणि निथळतं तसंच आसाकेच्या हातात दिलं.

"हं, ताई, पिकलं म्हण," मोरोलाकेची आई म्हणाली. "तुझ्या तोंडून ऐकलं की मी गावभर सांगायला मोकळी."

आसाकेनं उजवा डोळा मिटला. पिकलं होतं. डावा मिटला. अजून दोनदा तरी बुडवायला हवं होतं. दोन्ही उघडे ठेवले, तेव्हा निळा नुसता थरथरत राहिला.

"अगं, बोल ना. डोळ्यात काही गेलं का?"

वुराओला जमिनीकडे बघत होती. ती काही बोलणार नव्हती. त्या पहिल्या खेपेनंतर सहा वर्षं बोलली नव्हती. आसाकेनं 'पिकलं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. बाजाराचा दिवस परवाच होता; तिच्यामागं ते पुन्हा बुडलंच असतं.

आसाकेनं ते ओलं कापड उचललं आणि पाहुणीच्या देखत वुराओलाच्या खांद्यावर टाकलं. पिवळ्या पोलक्यावरून निळे ओघळ कोपरापर्यंत आले.

"अक्का, अगं हे काय—"

मोरोलाकेची आई आता वुराओलाकडे बघू लागली होती. आसाकेनं हात कमरेच्या फडक्याला पुसले, दोघींच्या मधून वाट काढली आणि "पिकलं की नाही, हिला विचार," म्हणून अंगणाबाहेर निघून गेली.